पंचेचाळिसावा नंबर

रायपुरात बर्फ पाहायचा तर गोळ्याच्या गाडीवर. तरी मी स्कीइंगवर लिहितो आहे, कारण परवा क्रॉस कंट्रीनंतर एक वर्गमित्र म्हणाला, "पहिल्या दहात नंबर नाही, तर पळायचं कशाला?" हाऊसचे गुण पहिल्या दहांनाच मिळतात. म्हणून बाकीचे अर्ध्यातच चालू लागतात.

मला गुलमर्गचा आरिफ खान आठवला. त्याच्या वडिलांचं स्कीइंगच्या सामानाचं दुकान. आरिफ चौथ्या वर्षीच बर्फावर उतरला. पैशांअभावी त्याचं २०१८ चं ऑलिंपिक हुकलं. २०२२ मध्ये बीजिंगला भारताचा तो एकटाच खेळाडू होता; उद्घाटनात तिरंगा त्याच्याच हाती होता. जायंट स्लॅलममध्ये दोन फेऱ्यांची वेळ मिळवून निकाल लागतो आणि एक गेट चुकलं की खेळाडू बाद. त्या दिवशी बर्फ पडत होता. चाळीसच्या आसपास स्पर्धकांना शर्यत पूर्ण करता आली नाही. आरिफ पंचेचाळिसावा आला. तीन दिवसांनी स्लॅलममध्ये मात्र त्याची पहिली फेरीही पूर्ण झाली नाही.

कोणी विचारेल, पदक कुठे आहे? नाही, हे खरं. पण सियाचिनवर गस्त घालणाऱ्या जवानाचा नंबर कोण काढतं? तो चौकीवर परत पोचला, हेच मोठं.

माझं मत असं, की ठरलेल्या वेळेत शर्यत पूर्ण करणाऱ्या प्रत्येक कॅडेटमागे हाऊसला एक गुण मिळावा. पहिल्याला दहा असू देत. मी या वेळी एकतिसावा आलो, आणि शेवटचा किलोमीटर चाललो. पुढच्या वेळी चालणार नाही. गुण मिळो न मिळो.