घड्याळांची वही घालूया

लंबकाची जुनी घड्याळं आपल्याकडे अजून पुष्कळ शिल्लक आहेत. कुणाच्या ओटीवर, कुणाच्या माळ्यावर, गावच्या ग्रंथालयात, देवळाच्या सभामंडपात. आपल्यातल्या काहींनी तर हौसेनं दहा-वीस जमवलीत. झपाट्यानं नाहीशी होतेय ती त्यांची माहिती.

घड्याळ कुणी आणलं, कुठल्या सालचं, लंबक मूळचा की बदललेला, तेलपाणी शेवटचं कधी झालं, हे घरातल्या एखाद्यालाच तोंडपाठ असतं. तो माणूस गेला की मागं उरतो एक लाकडी खोका, आणि वाटणीच्या वेळी एकच प्रश्न: याचे किती येतील?

पुढचं आपण सगळ्यांनी पाहिलंय. किल्लीचं मशिन काढून आत सेलचं बसवतात आणि जुनं मशिन पितळेच्या भावानं भंगारात जातं. नाहीतर बाजारात एकाचा खोका, दुसऱ्याची तबकडी, तिसऱ्याचं मशिन असं जुळवून ‘शंभर वर्षांपूर्वीचं अस्सल’ म्हणून विकलं जातं. लेखी काहीच नसेल, तर खरं-खोटं ठरवणार कशावरून?

आणि सांगण्यासारखं या घड्याळांत केवढं असतं! दार उघडून टॉर्च मारून बघा. तबकडीवरचं नाव पुष्कळदा विकणाऱ्या दुकानाचं असतं. बनवणाऱ्याची खूण मशिनच्या मागच्या पत्र्यावर सापडते. नांगर, मुकुट आणि ‘जी’, ‘बी’ अक्षरं दिसली तर ते सायलेशियातल्या गुस्ताव्ह बेकरचं. आठ टोकांच्या चांदणीत ‘जे’ असेल तर जर्मनीतल्या युंगहान्सचं. अमेरिकेतल्या सेथ थॉमस कंपनीनं तर एके काळी खोक्याच्या मागे किंवा तळाशी साल उलटं छापलं आणि पुढं महिन्याचं अक्षर दिलं. ‘४०९१ बी’ असा शिक्का म्हणजे १९०४ सालचा फेब्रुवारी. शाईचा हा शिक्का फिकट होत जातो. कुणी उत्साहानं पॉलिश मारलं की तो कायमचा गेलाच.

मशिनच्या त्या मागच्या पत्र्यावर आणखी एक गोष्ट शोधा. दुरुस्ती केल्यावर तारीख आणि आपली आद्याक्षरं बारीक सुईनं कोरून ठेवायची जुन्या घड्याळजींची पद्धत होती. बाहेरून सहसा न दिसणाऱ्या जागी त्यांनी आपल्यासाठी नोंद करून ठेवलीय. मला तर त्या ओरखड्यांइतकं घड्याळातलं दुसरं काहीच मोलाचं वाटत नाही. मशिन पुढच्या वेळी उघडेल तेव्हा तेवढे ओरखडे नीट वाचून उतरवून घ्यायला घड्याळजींना आधीच सांगून ठेवा.

काही माहिती तर घड्याळात सापडतच नाही, ती माणसांकडेच असते. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली आली, पण मुंबईनं आपली ३९ मिनिटं मागची ‘मुंबई वेळ’ पुढं जवळजवळ अर्धं शतक, १९५५पर्यंत जपली. आपल्या घरातलं घड्याळ तेव्हा कुठल्या वेळेवर चालायचं? ते पुढं कुणी केलं? हे सांगू शकणारे आता ऐंशीच्या पुढचे आहेत. त्यांच्याजवळ आजच बसायला हवं.

नोंदीनं काय साधतं, याचं मोठं उदाहरण जेरुसलेमचं आहे. तिथल्या एल. ए. मेयर संग्रहालयातून १९८३ साली १०६ दुर्मीळ घड्याळं चोरीला गेली. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्या नावानं ओळखलं जाणारं, घड्याळजी ब्रेगेचं घड्याळही त्यांत होतं. पण त्या संग्रहाची सविस्तर सूची १९८० सालीच छापून झाली होती. पाव शतक उलटल्यावर त्यांतली ९६ परत मिळाली. काय परत आलं आणि काय अजून बाहेर आहे, हे आज त्या संग्रहालयाला नेमकं माहीत आहे. उद्या आपल्या घरी चोरी झाली, तर तक्रारीत आपण काय लिहू? ‘एक जुने घड्याळ’?

मुलं परदेशी असणाऱ्यांनी तर हे मनावर घ्यावंच. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. आजोबांचं घड्याळ मुलीकडे अमेरिकेला न्यायचं, तर वयाचा प्रश्न येणारच. तेव्हा धावपळ करण्यापेक्षा जे माहीत आहे ते आधीच लिहून ठेवलेलं बरं.

यासाठी ना संग्रहालय लागतं, ना तज्ज्ञ. शंभर पानी वही पुरते. प्रत्येक घड्याळाला एक क्रमांक द्या आणि त्याला एक अख्खं पान. क्रमांकाची चिठ्ठी चिकटवू मात्र नका, डिंकानं लाकूड खराब होतं. जाड कागदावर पेन्सिलीनं लिहून सुती दोऱ्यानं आत बांधा. हाच क्रमांक किल्लीला आणि लंबकाला. ही दोन्ही एकदा सरमिसळ झाली की मग जुळता जुळत नाहीत. फोटो समोरून, मागून, दार उघडून आणि शिक्क्याचा अगदी जवळून काढा. भिंतीवरून उतरवण्याआधी लंबक काढून घ्या. मशिन स्वतः खोलू नका. गुंडाळलेली कमान हात फाडते.

दुरुस्ती झाली की त्याच दिवशी तारीख, कुणी केली, काय बदललं हे लिहा. काढलेला भाग परत मागून घ्या आणि क्रमांक घालून पुडीत ठेवा. वहीच्या पानांचे फोटो काढून एक संच दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा बहिणीकडे असू द्या. पत्ता आणि किंमत मात्र चारचौघांत फिरवू नका.

दिवाळीची साफसफाई ही याला उत्तम वेळ. आजी सांगेल, नातू लिहील. ग्रंथालयाच्या, शाळेच्या, देवळाच्या घड्याळांसाठी आपल्यातलेच दोघे-तिघे पुढं झाले तर विश्वस्त नाही म्हणणार नाहीत. आणि गावात जुने घड्याळजी असतील तर त्यांना जरूर भेटा. दुकानं एकेक करून बंद होतायत आणि कामाच्या वह्या रद्दीत जातायत. कुठलं घड्याळ कुणाचं, कधी आलं, काय बिघडलं होतं, हे सगळं त्या वह्यांत आहे. परवानगी घेऊन त्यांचे फोटो काढता येतील. त्यांना आवडेलही; त्यांचं काम कुणी विचारलंय कधी?

लिहिताना एवढं सांभाळूया: माहीत नाही तिथं रकाना कोरा सोडायचा. ऐकीव असेल तर ‘काकूंनी सांगितलं’ असं लिहायचं, आणि अंदाज असेल तर ‘अंदाज’. कोरा रकाना पुढं कुणीतरी भरेल. खात्रीनं लिहिलेली चूक मात्र पिढ्यान्‌पिढ्या खरी म्हणून चालत राहील.