आधी नवऱ्याचे रक्त तपासा

गेल्या अंकातील पुरुष वंध्यत्वावरील लेखाचा सारा भर व्यसने, ताण आणि आहारावर आहे. ती कारणे खरीच. पण वीर्यात शुक्राणूच नसलेल्या काही पुरुषांत वाय गुणसूत्राचा ‘एझेडएफ’ भाग गळालेला असतो. टिएपोलो आणि झुफार्डी या संशोधकांनी १९७६ मध्येच या गुणसूत्राकडे बोट दाखवले होते. त्यातला ‘एझेडएफ-ए’ हा उपभाग पूर्ण गळाला, तर शस्त्रक्रियेनेही शुक्राणू मिळण्याची आशा जवळपास नसते. ‘एझेडएफ-सी’ गळाला, तर अनेकदा मिळतात. मात्र ‘इक्सी’ने, म्हणजे शुक्राणू थेट स्त्रीबीजात टोचून, झालेल्या मुलग्यात तोच दोष उतरतो. म्हणून अशा जोडप्यांना खर्चिक उपचारांआधी नवऱ्याच्या रक्ताची जनुकीय तपासणी आणि समुपदेशन सुचवायलाच हवे. एरवी उपासतापास, काढे आणि टोमणे सुनेच्याच वाट्याला येतात. तिच्यावरचा हा अन्याय आता तरी थांबावा.

– एक वाचक, मिरज