शेवट ओळखला, म्हणून काय बिघडलं?

अद्भुतकथेवरची एखादी मालिका चालू असली, की पुढचा भाग येईपर्यंत चाहत्यांचे तर्क थांबत नाहीत. गादीचा खरा वारस कोण, मेलेला माणूस खरंच मेला का, पहिल्या भागात ओझरती दाखवलेली तलवार शेवटी कुणाच्या हाती जाणार, यावर तासन्‌तास खल चालतो. घरातल्या थोरांना हा रिकामपणाचा उद्योग वाटतो. मालिका करणाऱ्यांना त्यात धोका दिसतो, कारण शेवट आधीच ओळखला गेला तर पुढे कोण बघणार, अशी त्यांची धास्ती असते. मला दोघांचंही म्हणणं पटत नाही. असे तर्क लढवणारा माणूस गोष्ट सर्वांत जागेपणाने ऐकत असतो. आणि लक्ष देऊन बघणाऱ्याला ज्या गोष्टीचा शेवट ओळखता येतो, ती गोष्ट फसलेली नसते. ती पक्की बांधलेली असते.

ही सवय आपल्याला परदेशी मालिकांनी लावली, असंही समजलं जातं. पण ती आपल्या मातीत आधीपासूनच आहे. बीड जिल्ह्यातलं लिंबागणेश घ्या. मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाताना लागणारं हे बालाघाटातलं गाव गणपतीच्या देवस्थानामुळे ओळखलं जातं. पण इथून पश्चिमेला सरकत गेलं, की सगळा डोंगरपट्टा नाथांचा. आष्टी तालुक्यात सावरगावजवळ मायंबाला मच्छिंद्रनाथांची समाधी आहे, पलीकडे पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची. 'नवनाथ भक्तिसार' ही धुंडीसुत मालूंची ४० अध्यायांची पोथी या मुलखात श्रावणात घरोघर वाचली जाते. उकिरड्यावर टाकलेल्या भस्मातून बारा वर्षांनी निघालेला मुलगा, नुसत्या बायकांचं राज्य, मंत्राने सोन्याचा झालेला गर्भगिरी डोंगर, असं सगळं अद्भुत तिच्यात ठासून भरलेलं आहे. ऐकणाऱ्याला कथा आधीपासून पाठ असते. तरीही प्रश्न उरतातच. स्त्रीराज्यात मच्छिंद्रनाथ खरोखर गुंतले, की मारुतीला दिलेला शब्द पाळत राहिले? परत निघताना झोळीत सोन्याची वीट घेतली ती मोहाने, की आपला शिष्य गोरक्ष याची परीक्षा पाहायला? पोथीतल्या ओव्यांचा आधार घेऊन दोन्ही बाजूंनी बोलता येतं, आणि शेवट ठाऊक असल्याने त्या बोलण्यातली गोडी तसूभरही कमी होत नाही. पोथीला मालिकेच्या पंगतीला बसवू नये, असं कुणी म्हणेल. श्रद्धेच्या अंगाने ते मला मान्य आहे. पोथी भावाने ऐकली जाते, मालिका करमणुकीसाठी बघितली जाते. पण कथेतल्या खुणा लक्षात ठेवायच्या, त्या एकमेकींशी जोडायच्या आणि पात्राच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधायचा, ही मनाची मेहनत दोन्हीकडे सारखीच आहे.

याहून जुना दाखला गोदावरीच्या काठावर सापडतो. गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'ची परंपरा पैठणच्या सातवाहन दरबाराशी जोडली जाते. मूळ ग्रंथ हरवला, पण अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या 'कथासरित्सागरा'त वेताळाच्या २५ गोष्टी आहेत, आणि त्या गोष्टींतला राजा त्रिविक्रमसेन गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचाच आहे. या गोष्टींची रचना फार विचारपूर्वक केलेली आहे. प्रत्येक गोष्ट ऐन पेचावर येऊन थांबते आणि वेताळ विचारतो, आता सांग, खरा हक्क कुणाचा, खरा दोषी कोण? उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील. म्हणजे तर्क करणं ही इथे श्रोत्याने आपल्या हौसेने घातलेली भर नाही. तर्क केल्याशिवाय गोष्ट पुढे सरकतच नाही. शेवटच्या गोष्टीत बाप आणि मुलगा पावलांचे ठसे पाहून ठरवतात, की मोठ्या पावलांची बाई बापाची आणि लहान पावलांची मुलाची. प्रत्यक्षात मोठी पावलं मुलीची निघतात आणि लहान आईची. शब्दाप्रमाणे लग्नं होतात; मग त्यांच्या पोटी आलेल्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? राजाला उत्तर सुचत नाही, आणि त्याच्या या मौनावरच वेताळ प्रसन्न होतो. १९८५ मध्ये दूरदर्शनवर 'विक्रम और बेताल' आली तेव्हाही राजा तोंड उघडण्याआधी आपलं उत्तर ठरवायची संधी प्रेक्षकाला मिळत होती.

आता अलीकडचं पाहू. जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबरीमालेतलं पहिलं पुस्तक १९९६ मध्ये आलं. त्यात जॉन स्नो हा एका सरदाराचा अनौरस मुलगा म्हणून वाढतो, पण त्याची खरी आई कोण, हे कुठेच उघड सांगितलेलं नाही. निळे गुलाब, तापात पडलेलं एक स्वप्न, मरणाऱ्या बहिणीला दिलेलं वचन एवढ्या खुणांवरून वाचकांनी काही वर्षांतच त्याचं खरं कुळ ओळखलं. 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेत त्याला दुजोरा मिळाला तो २०१६ मध्ये. इतकी वर्षं हा तर्क जगभर फिरत होता, म्हणून त्या भागाची वाट बघणारे कमी झाले नाहीत. या कादंबऱ्यांवर मालिका करू इच्छिणाऱ्या दोघांना मार्टिननी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, जॉनची आई कोण? त्यांनी बरोबर उत्तर दिलं. लेखकाच्या लेखी तर्क हा गोष्ट नीट वाचल्याचा पुरावा होता. काही वाचकांनी आपलं रहस्य ओळखल्याचं लक्षात आल्यावर ते बदलावं का, असा विचार मार्टिननी केला होता आणि मग तो सोडून दिला, कारण आधी पेरलेल्या खुणा खोट्या पडल्या असत्या. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

आपल्याकडे 'बाहुबली'च्या पहिल्या चित्रपटाने शेवटी सोडलेला, कटप्पाने बाहुबलीला का मारलं, हा प्रश्न जुलै २०१५ पासून एप्रिल २०१७ पर्यंत देशभर चघळला गेला. दुसऱ्या चित्रपटाला त्याचा तोटा झाला, असं कुणी म्हणणार नाही. मराठीत 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका २०१६ मध्ये सुरू झाली ती घरातले कर्ते अण्णा नाईकांच्या मृत्यूने. २०१९ मध्ये दुसरं पर्व आलं आणि काळ मागे गेला, जिवंत अण्णा समोर आले. त्यांचा शेवट ठरलेला आहे, हे पहिल्या पर्वाच्या प्रत्येक प्रेक्षकाला माहीत होतं. तरी अण्णा आणि त्यांची प्रेयसी शेवंता घराघरांत पोचले. लोकांना पाहायचं होतं, ते हे सगळं कसं घडलं.

इथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. धक्क्याचा आनंद एकदाच मिळतो, आणि कुणीतरी आधी सांगून तो हिरावला तर नुकसान खरंच होतं. कॅलिफोर्नियातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये चेखव, रोआल्ड डाल, अगाथा ख्रिस्ती अशा लेखकांच्या १२ कथांवर प्रयोग केला. शेवट आधी कळलेल्या वाचकांना कथा उलट अधिक आवडल्या, असं त्यांना आढळलं. २०१५ मधल्या दुसऱ्या एका अभ्यासाचा निष्कर्ष मात्र विरुद्ध होता. तेव्हा विज्ञानाने माझी बाजू सिद्ध केली, असा दावा मी करणार नाही. पण शेवट सांगून टाकणं आणि शेवट शोधून काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत दुसऱ्याचा आनंद आपण हिरावून घेतो, दुसरीत आपला आनंद आपण मिळवतो. तर्क करणाऱ्यांनी ज्याला ऐकायचं नाही त्याच्यासमोर बोलू नये, एवढा शिष्टाचार पुरेसा आहे.

दुसरा आक्षेप असा, की असे चाहते पुढे मालकी गाजवू लागतात. २०१९ मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'चं शेवटचं पर्व नव्याने करा, अशा मागणीवर दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. ती मागणी अवाजवी होती. प्रेक्षकाला तर्काचा अधिकार आहे, हुकमाचा नाही. मात्र त्या रागामागची तक्रार नुसती 'आमच्या मनासारखं झालं नाही' एवढीच नव्हती. मालिकेतल्या डेनेरिस राणीच्या स्वभावातला इतका मोठा बदल घाईने उरकला, त्याची पुरेशी तयारी दाखवली नाही, असंही अनेक जण सांगत होते. तर्काची सवय लागलेला प्रेक्षक ही उणीव नेमकी दाखवू शकतो. मोबाइलवरून पसरणाऱ्या अफवेशी अशा तर्कांची तुलना करणाऱ्यांनाही हेच सांगावंसं वाटतं. अफवेला पुरावा लागत नाही. मालिकेवरच्या तर्काला मात्र दाखवलेल्या प्रसंगाचा आधार द्यावा लागतो, आणि पुढच्या भागात तो खोटा ठरला, तर चारचौघांत मान्य करावं लागतं. मुलं हे शिकत असतील तर त्यांना त्यासाठी रागावू नये.

मराठी वाहिन्यांची अडचण मला कळते. दर आठवड्याला टीआरपीचे आकडे येतात, मालिका वाढवली जाते, मेलेली पात्रं परत येतात, स्वभाव रातोरात पालटतात. जिथे लेखकालाच पुढचं ठाऊक नसतं तिथे प्रेक्षकाने खुणा जपून ठेवायच्या त्या कशाच्या भरवशावर? खरं तर हरिभाऊ आपट्यांच्या 'करमणूक' साप्ताहिकात १८९० पासून कादंबऱ्या प्रकरणाप्रकरणाने येत होत्या, आणि वाचक पुढच्या अंकासाठी थांबत होते. थांबायला लावणं आपल्याला नवं नाही. नाथांच्या कथा आहेत, वेताळ आहे, कोकणातली आणि मराठवाड्यातली असंख्य दैवतं आणि भुतं आहेत. त्यातून एक तरी अद्भुतमालिका अशी यावी, की तिचे भाग किती ते पहिल्या दिवशी जाहीर होईल आणि शेवट लिहून झाल्यावरच चित्रीकरण सुरू होईल. आणि भाग आठवड्यातून एकच दाखवावा, म्हणजे मधले सहा दिवस तर्काला मिळतील.