पर्णछत्राचा हिशेब

म्हादईचा विषय निघाला की गोमंतकीयांच्या तोंडी हुबळी-धारवाडचे नाव येतेच. कळसा व भांडुरा नाल्यांचे पाणी मलप्रभेत वळवून या जुळ्या शहरांची तहान भागवावी, ही कर्नाटकाची जुनी मागणी. ऑगस्ट २०१८ मध्ये लवादाने त्यासाठी ३.९ टीएमसी पाणी मंजूर केले आणि गोव्याने सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. कोणाच्याही तहानेची टिंगल करणे आम्हांस मान्य नाही. परंतु या हिशेबात उभयपक्षी एक भागीदार वगळला जातो, आणि तो म्हणजे झाड.

धारवाडहून हल्याळच्या वाटेला लागले की साग, किंदळ, माट्टी यांची पानझडी राने भेटतात. फाल्गुनात उघडीबोडकी झालेली ही राने पावसाच्या तोंडी पालवतात. मग आभाळातून पडणारे पाणी थेट भूमीवर येत नाही. त्यातील काही भाग पानांवरच अडतो व वाफ होऊन परत जातो. बहुतेक पानांतून ठिबकते आणि थोडेसे बुंध्यावरून ओघळत मुळाशी पोहोचते. वाटेत ते पानांवर साचलेली धूळ धुते आणि पानांतील पोटॅशसारखी द्रव्येही सोबत आणते. शेतकरी जे खत विकत घेतो, त्यातले काही अरण्याला पाऊसच वाढून देतो.

तथापि छत्र एकटे पुरे पडत नाही. सागाच्या रुंद पानांवर थेंब एकवटून जड होतात. खाली पाचोळा व झुडपे असतील तर तो मारा सोसला जातो. वणव्याने पाचोळा जळाला असेल तर तेच थेंब माती उखडून नाल्यात लोटतात आणि ती पुढे धरणात साचते.

म्हणूनच कालव्यासाठी, रेल्वेसाठी वा वीजवाहिनीसाठी रान तोडून त्याबदली अन्यत्र एकाच जातीची रोपे लावली की भरपाई झाली, हा समज भ्रामक आहे. रोपांची संख्या भरते. पाचोळ्यासकटचे रान उभे राहण्यास पिढ्या लागतात. खाणींसाठी डोंगर उघडे करणाऱ्या गोव्यानेही हे सांगताना आपल्या अंगणात पाहावे.

आमची मागणी साधी आहे. म्हादई आणि मलप्रभा, दोघींच्या उगमाकडील राने कोणत्याही योजनेपूर्वी मोजली जावीत, आणि ती दोन्ही राज्यांनी मिळून राखावीत. खटल्याचा निकाल कोणाच्याही बाजूने लागो. रान गेल्यावर वाटून घ्यायला पाणी कुठून आणणार?