कसेल त्याची जमीन. पण कर्ज कोणाचे?

मेहरूणच्या तलावाकडे सायंकाळी फिरावयास जाणाऱ्या जळगावकरांस त्या गावची बोरे ठाऊक आहेत. ज्या शिवारात ती पिकत, त्यात प्लॉट पडत चालले आहेत, हेही त्यांस रोज दिसते. अशा जमिनीचा सौदा ठरला म्हणजे सातबाराचा उतारा वकिलाच्या टेबलावर येतो, आणि ‘इतर अधिकार’ ह्या रकान्यात पुष्कळदा कुळकायद्याच्या कलम ४३ चा शेरा आढळतो. गिऱ्हाइकास ती एक कटकट वाटते. वास्तविक तो एका क्रांतीचा अवशेष आहे. फ्रान्सातल्यासारखी रस्त्यावर झालेली नव्हे, तर मामलेदार कचेरीत, स्टँपाच्या कागदावर झालेली क्रांती.

तिचे बीज आमच्याच जिल्ह्यात पडले होते. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या राष्ट्रसभेने शेतकऱ्यांचा कार्यक्रम मंजूर केला. पुढे १९४८ साली मुंबई इलाख्यात कुळवहिवाटीचा कायदा झाला, १९५६ साली तो दुरुस्त झाला, आणि १ एप्रिल १९५७ ह्या दिवशी कूळ हे जमिनीचे खरेदीदार मानले गेले. किंमत आकाराच्या २० पटींहून कमी नाही व २०० पटींहून अधिक नाही. ती हप्त्यांनी फेडावयाची. कायदा चांगला होता, ह्याविषयी आम्हांस संशय नाही. परंतु तो येणार ही वार्ता कुळाच्या आधी मालकास कळली! प्रो. वि. म. दांडेकर व खुदानपूर यांनी गोखले संस्थेतर्फे ह्या कायद्याच्या अंमलाची पाहणी करून १९५७ साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात कुळांनी ‘राजीखुशीने’ जमिनी सोडून दिल्याची प्रकरणे किती मोठ्या संख्येने घडली ते दाखविलेले आहे. ही राजीखुशी कसली असते, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कोणासही समजावून सांगण्याची गरज नाही. जे कूळ न्यायाधिकरणापुढे हजर राहिले नाही, किंवा मालकाच्या भिडेने ‘मला जमीन नको’ असे म्हणाले, त्याची खरेदी निष्फळ ठरली; ज्याचे हप्ते थकले, त्याचीही तीच गत.

तथापि जेथे कूळ टिकले, तेथे फळ दिसले. जमीन आपली झाली म्हणजे माणूस विहीर खणतो. सालोसाल बदलणाऱ्या कुळाने खडकात पैसा का घालावा? रावेर-यावलकडील केळीचा मळा विहिरीवाचून उभा राहत नाही, आणि विहीर कर्जावाचून होत नाही; सोसायटी कर्ज देते ती सातबारावरील नाव पाहून. नाव, कर्ज, पाणी, पीक असा हा क्रम आहे. जळगावच्या बाजारपेठेतील आडते, सरकीवाले, बियाणे-खतांचे दुकानदार यांची भरभराट ह्याच क्रमावर चालते. कुळकायदा म्हणजे गरिबांवर केलेला उपकार, असे जे व्यापारी मानतात त्यांनी आपल्या खतावण्या पुनः चाळाव्यात.

आता त्याच खानदेशाची दुसरी बाजू. शहादे, तळोदे ह्या तालुक्यांत भिल्लांच्या नावावर जमिनी होत्या. तेथे कूळ नव्हे, मालकच गरीब होता. पेरणीच्या तोंडी बियाण्यास व खावटीस पैसा घेतला की जमीन सावकाराच्या किंवा सधन शेजाऱ्याच्या वहिवाटीस जाई. मग कायद्याच्या दृष्टीने भिल्ल झाला ‘जमीनदार’ आणि कर्ज देणारा झाला ‘कूळ’! कुळास मालकी देणारे कलम अशा प्रकरणी भिल्लाच्याच मुळावर आले. शहाद्यास अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने जी चळवळ १९७०-७२ च्या सुमारास उभी राहिली, तिचे कारण हेच. सरकारने १९७४ साली आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा केला, आणि त्यात कोणते व्यवहार धरावयाचे? तर १ एप्रिल १९५७ पासून ६ जुलै १९७४ पर्यंतचे. कुळकायद्याखाली बिगरआदिवासीने मिळविलेली जमीनही त्यात धरलेली आहे. एकास मालकी देणारा दिवस तोच दुसऱ्याच्या नुकसानीचा हिशेब सुरू होण्याचा दिवस, ही गोष्ट कायद्याच्या पुस्तकातच नमूद आहे.

तेव्हापासून आदिवासीची जमीन परवानगीवाचून बिगरआदिवासीस विकता येत नाही. बंदी योग्यच आहे. पण १९०१ साली सरकारने मुंबईच्या कायदेमंडळात शेतकऱ्याच्या विक्रीच्या हक्कावर मर्यादा घालणारे बिल आणले, तेव्हा फिरोजशहा मेथा व नामदार गोखले विरोध करून सभात्याग करते झाले. विक्रीचा हक्क गेला तर शेतकऱ्याची पतही जाईल, हा त्यांचा मुद्दा होता. त्यांचा निष्कर्ष आम्हांस सर्वस्वी मान्य नाही. मुद्दा मात्र आजही खरा आहे. जी जमीन विकता येत नाही ती तारण घेण्यास बँक नाखूष असते, मग सातबारा भिल्लाचा आणि नांगर दुसऱ्याचा, असा बिनकागदी मक्ता चालू राहतो.

जपानात १९४६ नंतर जमिनी वाटल्या गेल्या, तेव्हा गावोगाव पाटबंधारे व शेतकी संघ आधीच होते, म्हणून नवा मालक उघडा पडला नाही. उलट फ्रान्सात १७८९ नंतर धर्मपीठाच्या जमिनींचा लिलाव झाला, त्यात रोख पैसा बाळगणाऱ्याचे फावले.

मेहरूणचा शेरा आता काढणे सोपे झाले आहे. २०१४ च्या दुरुस्तीने, खरेदीस १० वर्षे लोटली असल्यास आकाराच्या ४० पट रक्कम भरली की जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागत नाही. आकार १० रुपये असेल तर ४०० रुपये. शहराच्या कडेला तेवढ्यात एक चौरस फूटही येत नाही. कुळाच्या नातवाने जमीन विकू नये असे आम्ही म्हणत नाही. तो त्याचा हक्क आहे. परंतु तो मुलाच्या शिक्षणासाठी विकतो की थकलेल्या पीककर्जासाठी, हा प्रश्न सहकारी बँकांनी व सोसायट्यांनी स्वतःस विचारावा. शहादे-तळोद्यातील परत मिळालेल्या जमिनींवर किती पीककर्ज दिले, तेही त्यांनी आपल्या वार्षिक अहवालात स्वतंत्र रकान्यात छापावे, अशी आमची मागणी आहे. त्यांच्या संचालकांपैकी काही ह्या पत्राचे वाचक आहेत. येत्या वार्षिक सभेपर्यंत आम्ही उत्तराची वाट पाहू.