रिकाम्या उभ्या माणसाचा हिशेब

आम्ही तिघे नोकरीनिमित्त लंडनमध्ये राहतो, आणि गेली तीन वर्षे संध्याकाळी व सुट्टीच्या दिवशी मिळून एक संगणकीय खेळ रचीत आहोत. विषय एका ओळीत सांगण्याजोगा आहे: भुयारी रेल्वेचे एक स्थानक चालवणे. गाड्या नव्हेत, मार्ग नव्हेत, शहर नव्हे, एकच स्थानक. त्याचे जिने, फलाट, तिकिटांची फाटके, दिवे, उंदीर आणि तिथे काम करणारी माणसे. अपुऱ्या अवस्थेतला हा खेळ एका प्रकाशकास दाखवला असता त्यांच्या प्रतिनिधीने तो सौजन्याने तासभर खेळून पाहिला आणि दोन सूचना केल्या. पहिली, तुमचे कर्मचारी थकतात ते बंद करा. दुसरी, कर्मचाऱ्यास काम नसेल तेव्हा त्याच्या डोक्यावर लाल खूण दाखवा, म्हणजे पैसा कुठे वाया जातो ते खेळणाऱ्यास कळेल. एवढे केल्यास पुढचे बोलू, असे ठरले.

पहिल्या सूचनेवर आम्ही बरेच दिवस भांडलो. दुसरीवर भांडण झालेच नाही. ती आम्ही नाकारली. का नाकारली, हे सांगण्यासाठी हा लेख.

‘शेवटी हा खेळच आहे’ हे वाक्य या वादात हमखास येते, म्हणून त्याचा समाचार आधी घेऊ. विल राइट यांचा ‘सिमसिटी’ 1989 साली आला. त्याच्या मुळाशी जे वाचन होते त्यात जे फॉरेस्टर यांचे 1969 चे ‘अर्बन डायनॅमिक्स’ हे पुस्तक होते. फॉरेस्टर यांनी शहराचे गणिती प्रतिमान बांधले आणि त्यातून निष्कर्ष काढला की गरिबांसाठी स्वस्त घरे बांधण्याच्या योजना शहराची अवनती वाढवतात. हा निष्कर्ष बरोबर की चूक, हा इथे प्रश्न नाही. प्रश्न असा की पुस्तकातील विधानाशी वाचकाला भांडता येते. पान उघडून, वाक्यावर बोट ठेवून, हे मला मान्य नाही असे म्हणता येते. खेळातील विधान मात्र वाक्याच्या रूपात नसतेच. ते एखाद्या गुणकात असते, आणि तो गुणक खेळणाऱ्यास कधी दिसत नाही. त्याला फक्त एवढेच कळते की असे केले की जिंकतो, तसे केले की हरतो. मताची छाननी करण्याची संधीच न देता जे मत अंगवळणी पाडते, त्याला ‘नुसता खेळ’ म्हणून टीकेतून सूट द्यावी, हे आम्हांस पटत नाही. आपल्याकडे कथा-कादंबरीच्या प्रत्येक विशेषणावर रणे माजतात. ज्या कलाप्रकारात आजचे तरुण कादंबरीपेक्षा कितीतरी अधिक तास घालवतात, त्याकडे मात्र समीक्षा ढुंकून पाहत नाही. असो.

आता स्थानकाकडे वळू. या विषयावरचे तीन खेळ आम्ही मन लावून खेळलो आहोत, आणि तिघांचेही ऋण मान्य करतो. न्यूझीलंडच्या डायनोसॉर पोलो क्लबचा ‘मिनी मेट्रो’ 2013 साली एका खेळरचनेच्या स्पर्धेत अंकुरला आणि 2015 मध्ये पूर्ण झाला. त्यात प्रवासी म्हणजे त्रिकोण, चौकोन वा वर्तुळ. एखाद्या स्थानकात आकृत्यांची दाटी फार काळ राहिली की खेळ संपतो. हॅरी बेक यांच्या 1933 च्या लंडन नकाशाचा तो वारस आहे, आणि आपण नकाशा आहोत, माणसे नाही, हे तो प्रामाणिकपणे सांगतो. जपानचा ‘स्टेशनफ्लो’ 2020 मध्ये आला. त्याची कल्पना सुरेख आहे: प्रवाशाला वाट ठाऊक नसते, तो केवळ समोर दिसणाऱ्या दिशादर्शक पाट्यांवर चालतो. पाटी चुकीच्या कोपऱ्यात लावली तर माणूस भरकटतो. ज्याने अनोळखी स्थानकात चुकीच्या जिन्याने वर येऊन कपाळाला हात लावला आहे, त्याला या खेळात काहीतरी खरे सापडेल. तिसरा, स्क्वेअरप्ले गेम्सचा ‘ओव्हरक्राउड’, 2019 साली अपुऱ्या स्वरूपात लोकांपुढे आला. कचरा आपोआप नाहीसा होत नाही, कोणाला तरी वाकून तो उचलावा लागतो, हे या तिघांपैकी त्यालाच सर्वाधिक ठाऊक आहे.

मात्र या साऱ्या कुळात एक खोट आहे, आणि ती आमच्याही पहिल्या मसुद्यात होती. खेळणारा छतावरून पाहतो. छतावरून पाहिले की गर्दी वाहत्या पाण्यासारखी दिसते आणि स्थानक नळासारखे. पाणी तुंबले की नळ रुंद करावा; त्यापलीकडे काही सुचत नाही.

गर्दी पाणी नाही. जॉन फ्रुइन यांनी 1971 च्या आपल्या पुस्तकात पादचाऱ्यांच्या दाटीच्या सहा पायऱ्या लावून दिल्या. शेवटच्या पायरीवर माणूस स्वतःच्या मर्जीने चालतच नाही, रेटला जातो. डर्क हेल्बिंग आणि पीटर मोल्नार यांनी 1995 मध्ये माणसे एकमेकांना कशी टाळतात, कशी ढकलतात, याचे समीकरण मांडले. हे ज्ञान उपलब्ध आहे. तरीही व्यवस्थापनाच्या बहुतेक खेळांत माणसे एकमेकांच्या देहांतून आरपार जातात, कारण प्रत्येक देहाची दुसऱ्या देहाशी होणारी टक्कर मोजणे संगणकास महाग पडते. यात लबाडी नाही, काटकसर आहे. परंतु या काटकसरीचा परिणाम असा की गर्दीचा जो मुख्य धोका, म्हणजे छातीवर येणारा दाब, तोच खेळातून हद्दपार होतो. आमच्यापैकी दोघे मुंबईच्या लोकलवर वाढलेले. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पादचारी पुलावर 23 माणसे मेली. पाऊस होता, माणसे पुलावर थांबली होती, मागून येणारी थांबली नव्हती. देहांतून देह आरपार जाणाऱ्या कोणत्याही खेळात हा अपघात घडूच शकत नाही. आम्ही देहांना जागा व्यापायला लावली, आणि परिणामी हजारो प्रवाशांऐवजी काही शेकड्यांवर समाधान मानले. आमचे स्थानक लहान झाले. ते आम्हांस परवडले.

माणसे गणिताला कशी चकवतात, याचे एक सौम्य उदाहरणही देतो. लंडनच्या सरकत्या जिन्यांवर उजवीकडे उभे राहावे आणि डावी बाजू चालणाऱ्यांसाठी सोडावी, असा रिवाज आहे. होबर्न स्थानकाचे जिने इतके उंच की चालणारे थोडे, त्यामुळे डावी बाजू बरीचशी मोकळी जाते आणि खाली रांग वाढते. नोव्हेंबर 2015 मध्ये तीन आठवडे तिथे दोन्ही बाजूंस उभे राहण्याचा प्रयोग झाला. जिन्याने अधिक माणसे वाहून नेली आणि प्रवासी वैतागले. 2016 मध्ये प्रयोग पुन्हा झाला. रिवाज काही बदलला नाही. केवळ आकडा पाहणाऱ्या खेळात हा वैताग कोठे नोंदवणार?

आता लाल खुणेविषयी. 18 नोव्हेंबर 1987 च्या संध्याकाळी किंग्ज क्रॉस स्थानकात पिकॅडिली मार्गाच्या लाकडी सरकत्या जिन्याखाली आग लागली. साडेसातच्या सुमारास एका प्रवाशाने ती पाहून सांगितली. पावणेआठला तिचा भडका तिकीटघरात उसळला. 31 माणसे मेली. डेस्मंड फेनेल यांचा चौकशी अहवाल 1988 मध्ये आला, आणि 157 शिफारशींचा तो दस्तऐवज आमच्या मते स्थानकावरचे कोणत्याही कादंबरीइतके गंभीर पुस्तक आहे. जिन्याखाली वर्षानुवर्षांचे वंगण आणि कचरा साचला होता. पूर्ण सफाई कधी झालीच नव्हती. पाण्याची फवारणी करणारी यंत्रणा होती, पण कोणी वापरली नाही. कर्मचाऱ्यांना आगीचे पुरेसे शिक्षण नव्हते. आणि सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे अशा आगी त्या कारभारात नित्याच्या मानल्या जात, आणि त्यांना ‘आग’ न म्हणता ‘धुमसणे’ म्हणायची पद्धत होती. शब्द सौम्य केला की वस्तूही सौम्य झाली, असे मानणारी कचेरी सर्वत्र एकच असते.

हीच घटना आमच्या खेळप्रकारात कशी येईल? ‘आपत्ती’ या नावाखाली, यदृच्छेने, फासे टाकल्याप्रमाणे. खेळणारा म्हणेल, नशीब वाईट. परंतु किंग्ज क्रॉस नशिबाने घडले नाही. ते न झालेल्या सफाईतून आणि न दिलेल्या शिक्षणातून, म्हणजे जमाखर्चात ‘बचत’ म्हणून शोभणाऱ्या गोष्टींतून, सावकाश घडत आले. स्थानकात जो माणूस रिकामा उभा दिसतो तो रिकामा नसतो. तो वास घेत असतो, पाहत असतो, वाट चुकलेल्याला वाट सांगायला हाताशी असतो. त्याचे काम म्हणजे काही न घडणे, आणि न घडलेल्या गोष्टीची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. त्याच्या डोक्यावर लाल खूण लावणे म्हणजे खेळणाऱ्यास ‘याला कमी कर’ असे शिकवणे. हे शिक्षण आम्ही देणार नाही.

खऱ्या स्थानकातही हा वाद झालेला आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या जवळजवळ सर्व तिकीट खिडक्या बंद करण्याची योजना नोव्हेंबर 2013 मध्ये जाहीर झाली, आणि पुढल्या दोन वर्षांत त्या बंद झाल्या. योजनेच्या बाजूने मांडलेला युक्तिवाद टाकाऊ नव्हता: खिडकीवर येणारे थोडे, तेव्हा कर्मचारी काचेआडून बाहेर प्रवाशांत यावेत. परंतु त्याबरोबर जागाही कमी झाल्या. 2016 च्या पाहणीत प्रवाशांना कर्मचारी शोधूनही सापडत नाहीत अशी अडचण पुढे आली, आणि जानेवारी 2017 मध्ये याच प्रश्नावर स्थानकांतील कर्मचारी संपावर गेले. खिडकी ही निव्वळ तिकीट विकण्याची जागा नव्हती. माणूस कोठे सापडेल याची ती खात्री होती. तक्त्यात पहिली गोष्ट मांडता येते, दुसरी येत नाही.

आमच्यावर घेता येण्याजोगा सर्वांत सबळ आक्षेप आम्ही लपवत नाही. बुद्धिबळात प्यादे मेल्याचा शोक कोणी करीत नाही. मग इथेच एवढे सोवळे का? कारण बुद्धिबळ आपण रणभूमी चालवायला शिकवतो असे म्हणत नाही. आमचा प्रकार मात्र ‘व्यवस्थापन’ हे नाव मिरवतो आणि खरेपणाच्या जोरावर विकला जातो. नाव खऱ्याचे घ्यायचे आणि जबाबदारी सोंगट्यांची, हे चालणार नाही. थकव्याने खेळ कंटाळवाणा होतो, हेही सरसकट खरे नाही: 1997 च्या ‘थीम हॉस्पिटल’मध्ये डॉक्टर थकत, विश्रांतीच्या खोलीत जात, पगारवाढ मागत, आणि तो खेळ लोकांनी हसत खेळला.

पहिल्या सूचनेवर आम्ही अखेर थोडे नमलो, हेही नोंदवतो. आमचे कर्मचारी आता पूर्वीपेक्षा उशिरा थकतात, कारण जुन्या मसुद्यात खेळणारा दिवसभर रजेचे तक्तेच भरत बसे. दुसऱ्या बाबतीत उलटे केले. कर्मचारी रिकामा उभा असताना त्याच्या नजरेच्या टप्प्यातील जिन्याखालचा कचरा, ओली फरशी, चक्कर आलेला प्रवासी या गोष्टी खेळणाऱ्यास दिसू लागतात. तिथे कोणीच नसेल तर त्या असतात, वाढतात, पण दिसत नाहीत. कर्मचारी कमी केल्यावर पहिले काही दिवस जमाखर्च उत्तम दिसतो. आम्ही ते मुद्दाम तसेच ठेवले आहे.

प्रकाशकाशी पुढचे बोलणे झाले नाही. खेळ बाजारात कधी येईल, आणि आल्यावर कोणी घेईल का, हे सांगता येत नाही. तूर्त आमच्या स्थानकात रात्रपाळीला चार माणसे आहेत आणि त्यांतली दोन बराच वेळ नुसती उभी असतात.