बावीस पेनल्टी आणि एक नाणं

ढाक्याच्या कमलापूर स्टेडियममध्ये 8 फेब्रुवारी 2024 रोजी जे घडलं, ते फुटबॉल कधीच न पाहणाऱ्या भगिनींनीही ऐकावं असं आहे. दक्षिण आशियातल्या देशांच्या एकोणीस वर्षांखालील मुलींची ‘साफ’ स्पर्धा होती. भारत, बांगलादेश, नेपाळ आणि भूतान असे चार संघ. अंतिम सामना आपल्या मुलींचा, यजमान बांगलादेशशी. आठव्याच मिनिटाला सिबानी देवीनं गोल केला आणि भारतानं ती आघाडी नव्वदाव्या मिनिटापर्यंत राखली. पंचांनी जो थोडा जादा वेळ दिला, त्यात सागरिका नावाच्या मुलीनं बरोबरी साधली.

मग पेनल्टी सुरू झाल्या. पाच-पाच झाल्या तरी बरोबरी सुटेना. शेवटी गोलरक्षक मुलीही चेंडू मारायला पुढे आल्या. बावीस मुली, बावीस पेनल्टी आणि बावीसही गोल! 11-11.

एवढ्या दडपणात एकही मुलगी चुकली नाही. चुकले ते मोठे. नियम साधा आहे. सगळ्यांची पाळी एकदा झाली की पुन्हा पहिल्यापासून, एका बाजूची चूक होईपर्यंत. पण अधिकाऱ्यांनी नाणेफेक करायला लावली. कौल भारताला मिळाला. आपल्या मुली आनंदानं नाचू लागल्या, बांगलादेशच्या मुली मैदान सोडेनात, प्रेक्षकांतून बाटल्या येऊ लागल्या. मग चूक उमगली, पुन्हा पेनल्टी घ्या असं ठरलं, पण तोवर आपला संघ मैदानाबाहेर गेला होता. बऱ्याच वेळानं दोन्ही देशांना संयुक्त विजेते जाहीर केलं. नाण्यानं दिलेला विजय परत गेला, याचं मला वाईट वाटत नाही. तेविसावी पेनल्टी कुणाला मारूच दिली नाही, याचं वाटतं.

आता ही सागरिका. गटातल्या सामन्यातही भारताविरुद्धचा एकमेव गोल तिचाच होता. ठाकुरगाव जिल्ह्यातल्या एका खेड्यातली मुलगी, वडिलांची चहाची टपरी. मुलीनं फुटबॉल खेळावं हे आधी त्यांना मान्य नव्हतं. लोक काय म्हणतील, हीच भीती. आपल्या मोहल्ल्यात काही वेगळी आहे का? गावातल्या एका शिक्षकानं मुलींचा संघ उभा केला होता, त्यातून ती पुढे आली. मैमनसिंह जिल्ह्यातल्या कलसिंदूरचीही तीच गोष्ट. तिथली सरकारी प्राथमिक शाळा मुलींच्या आंतरशालेय स्पर्धेत उतरली आणि त्या एका गावातून संजीदा अख्तर, मारिया मांडा अशा कितीतरी जणी देशाच्या संघात गेल्या. त्या मुलींना सराव द्यायला शाळेचे मास्तरच होते.

आमच्या शाळेत सहावीपर्यंत मुली मैदानावर मनसोक्त धावतात. सातवीत चिठ्ठ्या सुरू होतात: ‘पोट दुखते, खेळाच्या तासातून सूट द्यावी.’ अक्षर अम्मीचं असतं, पोट कुणाचंच दुखत नसतं. कारण विचारलं की कपड्यांचा विषय निघतो. तर हेही सांगते, डोक्यावर रुमाल बांधून खेळायला फुटबॉलच्या नियमांनी 2014 पासून परवानगी आहे. 2016 मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक जॉर्डनमध्ये झाला, तेव्हा यजमान संघातल्या काही मुली हिजाबमध्येच खेळल्या. पूर्ण बाह्या आणि लेगिंग्ज तर कित्येकजणी घालतात.

खरी अडचण दुसरीच आहे, आणि ती खोटी नाही. मैदानावर संध्याकाळी मोठी मुलं क्रिकेट मांडून बसलेली असतात, आणि अंधार पडल्यावर मुलीला घरी आणायचं कुणी? यावर उपाय निघतो. आठवड्यातले दोन दिवस, शाळा सुटल्यावर तासभर मैदान फक्त मुलींचं, एक शिक्षिका हजर, आणि एका गल्लीतल्या चौघींनी मिळून घरी जायचं. पुढच्या पालक सभेत अब्बूंनाही सोबत घेऊन या आणि हा विषय तुम्हीच काढा. आम्ही शिक्षकांनी काढला की तो ठरावाच्या वहीत जाऊन बसतो.